आजी, क्लासला येतेस ना?

सकाळचे साडेसहा. उलव्यातल्या कुठल्याही नव्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाऊस डोळ्यांसमोर आणा. ट्रेडमिलवर दोघं-तिघं धावतायत, एकजण डंबेल्सपेक्षा आरशाकडे जास्त बघतोय, एकीचं स्मार्टवॉच तिला आत्ताच ओरडलंय. नऊच्या आत बेलापूर नाहीतर बीकेसी गाठायचंय, त्यामुळे सगळा मामला फटाफट! आता त्याच कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर या. रस्ता ओलांडला की गाव. कौलारू घरं फारशी राहिली नाहीत, तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्यात. पण खाली बसायला ओटा मात्र ठेवलेला असतो. आणि त्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेली कुणाची तरी आजी. सकाळी ओट्यावर, दुपारी जेवून जरा आडवी, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर.

या दोन ठिकाणच्या माणसांमध्ये आयुष्यभर जास्त घाम कोणी गाळलाय, हे सांगायला कुठलंही अ‍ॅप नको. पण आजच्या तारखेला शरीर हलवण्याची सोय आहे ती गेटच्या आत. ओट्यावरच्या आजीसाठी काय आहे?

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांना कसला आलाय व्यायाम? गेलं की आयुष्य कष्टात! नेमका हाच गैरसमज आहे, आणि तो शहरात जितका आहे तितकाच गावातही.

शेत होतं, खाडी होती

उलवे हा पत्ता तसा मजेशीरच आहे. खारकोपरला लोकल आली ११ नोव्हेंबर २०१८ ला. पुढे उरणपर्यंतची गाडी आणि अटल सेतू ही दोन्ही उद्घाटनं एकाच दिवशी झाली, १२ जानेवारी २०२४ ला. शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. म्हणजे ब्रोशरमध्ये लिहायला काही कमी नाही. पण २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा उलवे तिच्या बाहेरच राहिलं. खिडकीतून दिसतं ते शहर, आणि गावातल्या आजीचा कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. गव्हाण, वहाळ, कोपर, तरघर, कोंबडभुजे... ही नावं सेक्टरच्या नंबरांच्या खूप आधीची.

या गावांचं जुनं टाइमटेबल आठवून बघा. आगरी आणि कोळी वस्ती. पावसाळ्यात भातशेती. लावणीचे दिवस म्हणजे सकाळपासून चिखलात वाकून उभं राहायचं. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधबंदिस्ती करायची, पाऊस सरला की मिठागरांवर काम. आणि खाडी तर दाराशीच. चिंबोऱ्या, निवट्या, खुबे काढायला गुडघाभर चिखलात उतरायचं. मग ती टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला. स्क्वॉट्स, डेडलिफ्ट्स, फार्मर्स वॉक... आपण महिन्याला पैसे मोजून जे करतो ते सगळं यात आलं की!

मग १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. ओट्यावरची आजी तेव्हा तिशीत असेल. या पट्ट्यातल्या तिच्या वयाच्या प्रत्येकाला ते दिवस आठवतात. त्यानंतर विमानतळासाठी दहा गाववस्त्या हलवाव्या लागल्या. नव्वद मीटरच्या आसपास उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली गेली आणि नदीचा प्रवाहही वळवला गेला.

या सगळ्याचा हिशेब पैशांत खूप झालाय. किती भाव मिळाला, कोणाला मिळाला, कोणाचा राहिला. शरीराच्या भाषेत तो कोणी मांडत नाही. ज्या बाईचा दिवस शेतात, खाडीत आणि बाजारात जायचा, तिचं चालणं काही वर्षांत घराच्या चार खोल्यांवर आलं. पूर्वी पाणी भरायला जावं लागायचं, आता नळ घरात. छानच झालं, कोणी नाही म्हणत नाही! पण पाय दिवसभर करणार काय? आणि घराबाहेर पडायचं म्हटलं तर समोर डंपरचा रस्ता.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा लेख 'जुनं ते सोनं' छाप व्हायचा. जुन्या कष्टांनी शरीर काटक केलं हे खरं, पण झिजवलंही त्यांनीच. वर्षानुवर्षं वाकून लावणी करणाऱ्या बाईची कंबर आणि उकिडवं बसून कामं करणाऱ्या बाईचे गुडघे जाऊन विचारा. २०१८ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष आला होता. नोकरी-धंद्यात जास्त अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यूचा धोका कमी मेहनत करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. उलटंच की! पण विचार केला तर पटतं. कष्टात विश्रांती तुमच्या हातात नसते, वजन किती उचलायचं हे तुम्ही ठरवत नाही आणि एकच हालचाल आठ-आठ तास चालते. व्यायामात हे सगळं तुमच्या हातात असतं.

म्हणजे आजीने आयुष्यभर केलं ते काम होतं. व्यायाम तिने कधी केलाच नाही, तशी वेळही आली नाही. आणि आता कामही थांबलंय.

तिशीनंतर आपले स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, आणि साठीनंतर ही गळती वाढते. (हो, तिशीनंतर. दचकू नका, पुढे वाचा.) सगळ्यात आधी जातो मांड्यांचा जोर. ओट्यावरून उठताना हाताचा टेकू लागतो, मग भिंतीचा, मग नातवाचा. घरातले म्हणतात, 'वय झालं.' आणि काळजीपोटी एकेक काम काढून घेतात. 'बय, तू बस, मी करते.' सुनेचं प्रेमच असतं त्यात. पण पायांना ते कळत नाही, ते आणखी दुबळे होत जातात.

आणि एक दिवस ती बाथरूममध्ये पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पासष्टीपुढच्या शंभरातली २८ ते ३५ माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. बहुतेकांचं मुक्या मारावर निभावतं. पण खुब्याचं हाड मोडलं तर गोष्ट वेगळी. जगभरच्या अभ्यासांत खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावलेला दिसतो. जे वाचतात त्यांच्यातलेही अनेक पूर्वीसारखे चालत नाहीत. ऑपरेशन, वॉकर, घरात एका माणसाची सुट्टी, नंतर एका माणसाची नोकरीच. आणि ती नोकरी बहुतेक वेळा सुनेची किंवा लेकीची असते, हेही सांगायला नकोच.

नव्वदीतही दंड फुगतात!

आता चांगली बातमी. १९९० साली बोस्टनमध्ये एका नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे चक्क वेट ट्रेनिंग दिलं गेलं. ज्या नऊ जणांनी ते पूर्ण केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी हातातली काठी सोडली. नव्वदीत! आपण पस्तिशीत 'आता काय मसल्स होणार' म्हणत असतो.

पडण्याबद्दलही पुरावा भक्कम आहे. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि तेवीस हजारांहून जास्त माणसं होती. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि तोल सांभाळण्याचा व ताकदीचा व्यायाम एकत्र केला तर फायदा आणखी मोठा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी नुसतं 'चाला' असं म्हटलेलं नाही. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल तर हवीच, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद. आपल्याकडे डॉक्टरही बऱ्याचदा 'जरा फिरत जा' एवढंच सांगून मोकळे होतात. फिरणं चांगलंच, पण तेवढ्याने मांड्यांत जोर येत नाही.

प्रश्न 'काय करायचं' हा नाहीच मुळी. ते माहीत आहे. प्रश्न आहे की आजीला ओट्यावरून उठवून तिथपर्यंत न्यायचं कसं, आणि दुसऱ्या आठवड्यात ती परत येईल कशी.

याचं सगळ्यात देखणं उत्तर मला सापडलं ते जपानमध्ये. शिकोकू बेटावर कोची नावाचं शहर आहे. तिथे २००२ साली पालिकेच्या लोकांनी एक साधा व्यायाम तयार केला, 'इकिइकि ह्याकुसाई ताइसो', म्हणजे उत्साही शंभरीचा व्यायाम. खुर्चीत बसायचं, मनगटाला आणि घोट्याला वजनाचा पट्टा बांधायचा आणि संथ तालावर हात-पाय उचलायचे. पट्ट्यात छोट्या छोट्या सळया घालायची सोय असते, शून्यापासून २.२ किलोपर्यंत वजन टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. बस्स, एवढंच. आठवड्यातून एकदा-दोनदा, वस्तीतल्याच हॉलमध्ये. ट्रेनर नाही, व्हिडिओ लावतात. मुख्य म्हणजे क्लास चालवतात तिथलेच रहिवासी, त्यांच्यातले काही स्वतः सत्तरीतले. पालिका पट्टे देते, शिकवून जाते आणि बाजूला होते. कोचीतून हा व्यायाम देशभरच्या गावांत पोचला. मला यातला सगळ्यात हुशारीचा भाग वाटतो तो वजनाचा. पहिल्या महिन्यात दोन सळया, तिसऱ्या महिन्यात चार. सत्तरीतल्या माणसाला 'माझं वाढतंय' असं सांगणारी दुसरी गोष्ट तुम्हाला आठवते का?

'ते जपान आहे हो, आपल्याकडे कोण येणार?' असं वाटत असेल तर जरा मुरबाडपर्यंत या.

गुलाबी नऊवारीचा धडा

ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून दुपारी दोन ते चार शाळेत जाऊ लागल्या. फोटो जगभर गेले, तुम्हीही पाहिले असतील. तिथे अक्षरं गिरवली जातात, व्यायाम नाही. पण गावातल्या म्हाताऱ्या बायकांना रोज घराबाहेर कसं काढायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

बघा ना, वेळ दुपारची, म्हणजे घरातली कामं आटोपल्यावरची. जागा गावातच, कोणाच्या गाडीवर बसून जायला नको. युनिफॉर्म सगळ्यांना सारखा, त्यामुळे 'आता या वयात काय नवीन थेर' असं कोणी एकटीला बोलू शकत नाही. बोलायचं तर तीसेक जणींना बोलावं लागेल! आणि विषय असा की त्यात आजी 'पेशंट' नाही, विद्यार्थिनी आहे. हा शेवटचा मुद्दा व्यायामाच्या बाबतीत फार महत्त्वाचा. 'गुडघेदुखी निवारण शिबिर' असा बोर्ड लावला की लोक औषधाच्या आशेने एकदा येतात आणि गोळी मिळाली नाही की परत फिरकत नाहीत.

शहरांत हे गणित आधीच जमलंय. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारियांनी अंधेरीच्या लोखंडवालात पाच माणसं घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आपण कॉलेजात असताना त्या 'हो हो हा हा'ची यथेच्छ टिंगल केली असेल, पण त्याने किती रिटायर्ड काकांना सकाळी सहाला बागेत आणलं! पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने तेच केलं. पण या सगळ्यासाठी बाग लागते, आणि 'वॉकला जातो' असं म्हणायची सवय लागते. आयुष्यभर चालण्याला 'वॉक' न म्हणणाऱ्या माणसाला ट्रॅकसूट घालून बागेत फिरणं अवघडच वाटणार.

सरकारी पातळीवर काहीच नाही असंही नाही. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, त्यांचंच नाव पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. तिथे योगाची सत्रं घेणं त्यांच्या कामातच धरलेलं आहे. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन 'योगाचं सत्र कधी असतं?' एवढं विचारायला कोणाची ओळख लागत नाही. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. कमी उत्पन्नाच्या, पासष्टी पूर्ण झालेल्या माणसांना काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये, आणि योगोपचाराचा उल्लेखही त्यात आहे. काठीला पैसे मिळतात, उत्तमच. फक्त काठी लागायच्या आधीची पाच वर्षं कोणाच्याच खात्यात येत नाहीत. आणि २१ जूनचं म्हणाल, तर एका दिवसाच्या फोटोने कोणाचा गुडघा सुधारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जाता जाता, सूर्यनमस्कारांबद्दल. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले, त्याचा अभिमान आहेच. पण ज्या आजीने पंचवीस वर्षांत जमिनीवर गुडघे टेकले नाहीत, तिला पहिल्याच दिवशी बारा आसनांना जुंपू नका. खुर्ची आणा.

समाजमंदिर, सात खुर्च्या

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यातल्या निम्म्यांची आजी उलव्यात नाहीच. ती संगमेश्वरला आहे, बार्शीला आहे, नाहीतर चोपड्याला. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १०.४ कोटींच्या आसपास होती आणि त्यातली सुमारे ७१ टक्के खेड्यांत. आपण सणाला जातो, पाया पडतो, बीपीच्या गोळ्यांचे पैसे जीपे करतो आणि परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक टेस्ट करून बघा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. आजीला हात छातीवर घडी घालून बसवा आणि मोबाईलवर तीस सेकंद लावा. पूर्ण उठायचं, पूर्ण बसायचं. तुम्ही शेजारीच उभे राहा, हात पुढे करून. अमेरिकेच्या सीडीसीच्या तक्त्यानुसार सत्तर ते एकोणऐंशीमधल्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. त्याच वयाच्या पुरुषांसाठी पंचाहत्तरीच्या आत बारा, त्यापुढे अकरा. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर मोजणी शून्य. (स्वतःवरही करून बघा. ऑफिसात आठ तास बसणाऱ्यांची फजिती बघण्यासारखी असते.)

आणि जे उलव्यातच राहतात, त्यांच्यासाठी तर मामला आणखी सोपा. रस्ता ओलांडायचा आहे, बस. गावात समाजमंदिर असतं, देवळाचा मंडप असतो, महिला मंडळ असतं. आठवड्यातले दोन दिवस, चार ते पावणेपाच. शनिवार त्यात हवाच, म्हणजे तुम्हालाही जमेल. सात खुर्च्या पुरतात सुरुवातीला. खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं. एक पाय उचलून दहा आकडे, खुर्ची धरलेलीच. भिंतीला हात लावून आडवं चालणं. बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाय समोर उचलणं. हाताच्या व्यायामाला कोचीचे पट्टे कुठून आणणार? किलोची मिठाची पिशवी चालते, नाहीतर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. मिठागरावर उमेद घालवलेल्या आजोबांच्या हातात मिठाची पिशवी दिलीत तर पहिल्या दिवशी हशा पिकेल, पण ते दुसऱ्या दिवशी नक्की येतील.

एक-दोन गोष्टींत मात्र निष्काळजीपणा नको. बीपी फार वरखाली होत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टर, मग खुर्ची. श्वास रोखायचा नाही. बोलता येईल इतपतच दमायचं. सांधा ठणकला तर ती हालचाल त्या दिवशी बंद. फरशी ओली नको, पायात सपाता नकोत. आणि क्लास तुम्ही घेताय असा आव आणू नका. पहिले चार-सहा आठवडे तुम्ही दाखवा, मग त्यांच्यातल्याच कुणा एकीकडे द्या. जिचा आवाज सगळ्यात मोठा आहे तिच्याकडे! अशी एकतरी प्रत्येक गल्लीत असतेच, आणि आकडे मोजायला तिच्यासारखं कोणी नाही.

गाणं कुठलं लावायचं यावर वाद होणारच. योगाची मंद बासरी लावून बघायला हरकत नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की दुसऱ्याच आठवड्यात ती बंद होईल. या पट्ट्यातल्या हळदी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ठाऊक आहे. गुडघेदुखीने महिनाभर कुरकुरणारी आजी बेंजो वाजला की रात्री बारापर्यंत मांडवात असते. तोल, ठेका, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं, सगळं त्या नाचात आहे. तेव्हा बेंजोच लावा, फक्त लय थोडी कमी करून. आणि लग्नसराईत क्लासची हजेरी निम्म्यावर आली तर मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या हळदीला गेलेल्या असतील.